मराठवाड्याच्या हवेत सल्काटा कासवासाठी जिवंत आवार कसं उभारावं

गच्चीच्या कठड्याला अंग घासत सल्काटा, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवर राहणारं कासव, दिवसभर एकाच बाजूने फेऱ्या घालतं. फिरून फिरून त्याच कोपऱ्यात जातं आणि पुढचे पाय भिंतीला लावून उभं राहतं. घरचे कौतुकाने म्हणतात, "लई फिरायला आवडतं त्याला." खरं तर ते वाट शोधत असतं. त्याच्या पायाखाली गुळगुळीत फरशी, खणायला माती नाही, अंग लपवायला आडोसा नाही. ऊन नकोसं झालं तर कुठे जायचं हेही त्याच्या हातात नसतं.

अशा कासवासाठी चेंडू आणि रंगीत खेळणी आणून काही होत नाही. त्याला दिवसातून अनेकदा स्वतःचं स्वतः ठरवता आलं पाहिजे: उन्हात बसावं की सावलीत, कोरड्यात राहावं की ओल्यात, चरावं की खणावं, उघड्यावर यावं की लपावं. आवारातली प्रत्येक वस्तू ठेवताना मी हाच प्रश्न विचारतो, की हिच्यामुळे कासवाला एखादी निवड वाढून मिळाली का? नसेल मिळाली तर ती वस्तू आपल्या डोळ्यांसाठी आहे, कासवासाठी नाही.

आधी कायदा

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव घरात ठेवलं की पैसा येतो, या समजुतीपायी फार जीव हाल सोसतात. तारा कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मध्ये आहे. ते पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे आणि त्याला ३ ते ७ वर्षं कैदेची शिक्षा होऊ शकते. गोदावरीत, तळ्यात, विहिरीत सापडणारी आपली पाण्यातली कासवंही पाळता येत नाहीत. असं कासव घरात असेल तर ते आपल्या मनाने रानात सोडू नका, कारण आजारी किंवा परक्या भागातलं कासव सोडल्याने ते स्वतः मरतं आणि तिथल्या कासवांनाही रोग देतं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

हा लेख आफ्रिकन सल्काटासाठी आहे. ती परदेशी जात आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर तिची नोंद करावी लागते. कासव दुसऱ्याकडे गेलं, मेलं, अंड्यांतून पिल्लं निघाली, तरी ते तिथे कळवावं लागतं. कागद देत नसलेल्या माणसाकडून कासव घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

आणि घेण्याआधी एवढं डोळ्यांसमोर आणा, की तळहातावर मावणारं हे पिल्लू जगातल्या सर्वांत मोठ्या जमिनीवरच्या कासवांपैकी एक होणार आहे. पूर्ण वाढलेला नर ४०-५० किलोंचा सहज होतो, काही त्याहून बरेच मोठे होतात, आणि आयुष्य सत्तर वर्षांपर्यंत जाऊ शकतं. फ्लॅटमध्ये हे जमणार नाही. ज्याच्याकडे मोठं अंगण, परस किंवा शेतात आखाडा, म्हणजे गोठ्याची मोकळी जागा आहे, त्यानेच या वाटेला जावं.

जागा, भिंत आणि एक दिवस नुसतं बघणं

पिल्लाला आठ फूट बाय चार फुटांची बंदिस्त जागा पहिली दोन-तीन वर्षं पुरते. मोठ्या सल्काटाला एक गुंठा दिला तरी तो सगळा वापरतो. अर्धा गुंठा म्हणजे माझ्या मते किमान.

कुदळ हातात घेण्याआधी एक दिवस त्या जागेवर नुसतं लक्ष ठेवा. सकाळी आठला, दुपारी बाराला, तीनला आणि पाचला ऊन कुठून कुठे सरकतं ते चुन्याने जमिनीवर आखून घ्या. जिथे सकाळचं कोवळं ऊन पहिल्यांदा पडतं तिथे अंग शेकायची जागा करायची. दुपारी तीनला जिथे सावली असते तिथे बीळ आणि पाणी. हा आराखडा चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून त्याला घाई नको.

उन्हाला दुसरा पर्याय नाही हेही इथेच सांगतो. कवच आणि हाडं भरायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड ३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत तयार होतं. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत, तेव्हा काचेमागे बसवलेल्या कासवाला ऊब मिळते, ऊन मिळत नाही.

भिंत भरीव हवी. जाळीतून पलीकडचं दिसतं आणि जे दिसतं तिकडे कासव जायला बघतं. मग ते दिवसभर जाळीला धडका देतं, नाक सोलून घेतं. विटांची किंवा दगडाची दोन फूट उंच भिंत बांधा आणि पाया दीड-दोन फूट खाली न्या, कारण सल्काटा मुळातच खणणारा प्राणी आहे. कोपरे काटकोनी ठेवू नका, गोलाई द्या. काटकोनात कासव अडकतं, वर चढायला बघतं आणि उलटं होतं. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या उन्हात उताणं पडलेलं कासव पाहता पाहता दगावतं.

पिल्लांच्या आवारावर वरूनही जाळी हवी. कावळा, घार, मुंगूस, उंदीर, मोकाट कुत्री, सगळ्यांना ते खाद्यच वाटतं.

माती

मराठवाड्यात इथेच सगळ्यांत जास्त काम आहे. आपली काळी माती कापसाला आणि तुरीला सोनं, पण कासवाच्या आवाराला कठीण. पावसात ती फुगते आणि चिखल पायांना, पोटाला धरून बसतो. उन्हाळ्यात तडकते आणि पिल्लाचा पाय अडकेल इतक्या भेगा पडतात. सर्वांत मोठा धोका बिळाचा आहे. काळ्या मातीत कोरडेपणी खणलेलं बीळ पहिल्या मोठ्या पावसात आतल्या आत बसतं आणि कासव गाडलं जातं.

म्हणून आवारातली एक फूट काळी माती काढून बाजूला करा. ती झाडांच्या अळ्यांना कामी येते. खाली अर्धा फूट मुरूम टाकून दाबा. वर मुरमाड माती दोन घमेली आणि चाळलेली वाळू एक घमेलं या हिशेबाने पसरा. जमिनीला एका बाजूला उतार द्या आणि खालच्या टोकाला भिंतीत पाणी जाण्यासाठी भोक ठेवा. भोकाला लोखंडी जाळी मात्र विसरू नका.

सगळं सपाट करू नका. उरलेल्या मातीचे गुडघाभर उंचीचे दोन-तीन उंचवटे करा, चढ मंद ठेवा. उंचवट्यामुळे पायाच्या स्नायूंना काम मिळतं आणि एका ठिकाणाहून पूर्ण आवार दिसत नाही. हा दुसरा फायदा फार मोलाचा आहे. वळसा घेतल्यावर काहीतरी नवं दिसणार असेल तर कासव वळसा घेतं.

एका बाजूला, उन्हाच्या ठिकाणी, दोन फूट खोल भुसभुशीत मातीचा चौक ठेवा. मादी असेल तर तो हवाच. नर नसला तरी मादी अंडी धरू शकते, आणि खणायला मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेततं.

खाणं टाकायच्या जागी शहाबादी फरशीचा एक खडबडीत तुकडा बसवा. तिथे वाळू पोटात जात नाही आणि चालता चालता नखंही घासली जातात. ही फरशी सावलीत असू द्या, उन्हात ती तव्याइतकी तापते.

बीळ

सल्काटा आला सेनेगल, माली, चाड, सुदान या पट्ट्यातून. सहाराच्या दक्षिणेला थोडा पाऊस आणि लांबलचक कोरडा काळ असतो. तिथे तो कित्येक फूट लांब बीळ खणून आत राहतो, कारण वर आग ओकत असताना बिळात गारवा आणि ओल टिकून असते. आपल्या माळवदाच्या घरात मे महिन्यातही जसं निवांत वाटतं, तीच युक्ती तो जमिनीखाली करतो. त्याला बीळ दिलं नाही तर तो स्वतः खणेल, आणि ते कुठे खणेल हे मग आपल्या हातात नाही. भिंतीच्या किंवा घराच्या पायाखालीही तो जाईल.

आपण बांधलेलं बीळ जास्त सुरक्षित. जमीन दोन-अडीच फूट खणा, दोन्ही बाजूंनी विटांच्या भिंती घाला, वर जाड शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा पत्रा टाका आणि त्यावर किमान एक फूट माती चढवा. आत जायचा उतार मंद असावा. वाट कासवाच्या रुंदीच्या दीडपट, आणि आतली खोली त्याला पूर्ण वळता येईल एवढी मोठी. वळता आलं नाही तर ते मागे मागे सरकत अडकतं. कासव वाढणार आहे, म्हणून मापं आजची धरू नका. तोंड पूर्वेकडे ठेवा. आपला पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर येतो, तो आत घुसत नाही आणि सकाळचं ऊन दारात येतं. दाराशी चार बोटं उंचीचा मातीचा बांध घातला की वाहतं पाणीही अडतं. छतावरची एखादी फरशी उचलता येईल अशी ठेवा, कारण आजारी कासवाला बाहेर काढायची वेळ येतेच.

पिल्लांना बिळातली ओल आणखी जास्त लागते. कवचावरची खवल्यांची घरं उंच टेंगळांसारखी वर येणं हा दोष पूर्वी फक्त जास्त प्रथिनांवर ढकलला जायचा. २००३ मध्ये सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात मात्र कोरडी हवा हे त्याचं मोठं कारण दिसलं. मार्च ते जून आपल्याकडे हवा अगदी सुकी असते, तेव्हा पिल्लाच्या लपायच्या जागेत नारळाच्या भुशाचा थर देऊन तो रोज हलका शिंपडा. भुसा हातात दाबला तर पाणी गळायला नको, नुसता गार लागला पाहिजे.

मुख्य बिळाशिवाय दोन-तीन साधे आडोसेही करा. उलटी अर्धी कुंडी, दोन दगडांवर आडवी फरशी, कडब्याच्या पेंढ्यांची खोप. लपायला एकच जागा असेल तर कासव तिथून हलत नाही.

पाणी

२०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. या भागात कासवासाठी हौद बांधा असं मी सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मातीची पसरट परात जमिनीत काठापर्यंत पुरा. पाणी कासवाच्या हनुवटीच्या वर जाता कामा नये. कासव पाण्यात उतरलं की बहुतेक वेळा तिथेच घाण करतं, म्हणून पाणी रोज बदला आणि जुनं पाणी आवारातल्याच झाडांना घाला. परात धुतल्यावर हात साबणाने धुवा, कासवाच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुलांना हे आवर्जून शिकवा.

पिल्लाला आठवड्यातून तीन-चारदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. मोठ्या कासवासाठी उन्हाळ्यात सावलीतल्या एका खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून चिखल करून द्या. ते त्यात पोट टेकवून लोळतं, अंगाला माती लावून घेतं. आवारातल्या सगळ्या सोयींमध्ये या बादलीभर पाण्याचा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो.

झाडं आणि चारा

सल्काटा गवत खाणारा प्राणी आहे. खाण्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त गवतच हवं. पोळी, भात, डाळ, बिस्किटं अजिबात नकोत. टोमॅटो, केळी, आंबा रोज देऊन कौतुक करणारे लोक त्याचं पोट बिघडवत असतात. काकडी उन्हाळ्यात कधीतरी चालेल, पालक सवयीचा होऊ देऊ नका.

आवारातच हराळी आणि मारवेल लावा. जमिनीचे दोन भाग करून आळीपाळीने एकावर तात्पुरती आडकाठी घाला, नाहीतर गवत डोकं वर काढायच्या आत संपतं. बांधावरचा फड्या निवडुंग कोपऱ्यात लावला की पाणी न मागता वाढतो. त्याचं पान काटे खरडून द्यायचं. जास्वंद, शेवगा, तुती ही झाडं भिंतीच्या बाहेर लावा आणि फांद्या आत येऊ द्या. सावली मिळते, पानं-फुलं आपोआप गळतात आणि कासव वारा सुटल्यावर तिकडे जायला शिकतं.

तुतीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. बीड, जालना, परभणीकडे रेशीमशेती वाढली आहे. रेशीमकिडा कीटकनाशकाच्या वासानेही मरतो, त्यामुळे रेशीम उत्पादक तुतीवर फवारणी टाळतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून उरलेल्या तुतीच्या फांद्या मिळाल्या तर इतका बिनधोक पाला दुसरीकडे मिळणं अवघड. याउलट कपाशी आणि सोयाबीनच्या बांधावरचं गवत फवारणीच्या दिवसांत कधीच आणू नका, दिसायला कितीही हिरवंगार असलं तरी.

कण्हेर, धोतरा, रुई, एरंड, घाणेरी आणि गाजरगवत आवारात किंवा भिंतीलगत नको. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे शेतकऱ्याला सांगायला नको, तोच नियम कासवाला. पूर्ण वाळलेला कडबा बारीक करून चालतो. पेंढी सोडताना नायलॉनची दोरी मोजून बाहेर काढा. ती पायाला आवळते किंवा गिळली जाते. लाल-पिवळ्या रंगाकडे कासव ओढलं जातं, म्हणून जास्वंदीच्या फुलासाठी ते धावतं आणि तशाच रंगाच्या प्लास्टिकच्या पुडीलाही तोंड घालतं. वाऱ्याने आत आलेला कचरा रोज सकाळी वेचायलाच हवा.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाचं आतलं हाड आणा आणि अख्खा तुकडा फरशीजवळ ठेवा. हवा तेव्हा ते स्वतः कुरतडतं, आणि चोचही घासली जाते.

आता खाणं कसं द्यायचं ते. एका ताटलीत ढीग घातला की पाच मिनिटांत कासवाचा दिवसभराचा उद्योग संपला. रानात ते चार घास इथे, चार तिथे असं करत तासन्‌तास हिंडतं. म्हणून गवताच्या मुठी चार-पाच ठिकाणी ठेवा आणि जागा रोज बदला. एखादी मूठ उंचवट्यामागे, एखादी आडोशात. तुतीची अख्खी फांदी भिंतीला अशी बांधा की मान वर करून पान ओढावं लागेल. निवडुंगाचं पान चिरून देऊ नका, अख्खं द्या, पाय रोवून तोडू दे त्याला.

ऋतू

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा सल्काटा आफ्रिकेचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या तापमानाला तोही बिळातच असतो. एकतृतीयांश आवारावर हिरवी जाळी ताणा, तिच्याखाली तट्ट्या लावा, आणि सकाळी दहाच्या आत व संध्याकाळी पाचनंतर चारा द्या.

पावसाळ्यात गार ओल हा शत्रू आहे. दोन-तीन दिवस झड लागली, ऊन नाही, माती थंड आणि ओली, अशा वेळी नाकातून पाणी, तोंडाने श्वास ही न्यूमोनियाची सुरुवात असते. या दिवसांत रात्री कोरड्या जागी आणणं बरं.

हिवाळा मात्र खरा कसोटीचा. सल्काटा थंडीत झोपी जाणारी जात नाही. परभणीला कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत, तिथे उघडं बीळ पुरत नाही. मोठ्या कासवालाही रात्री २० अंशांच्या खाली ठेवू नका, पिल्लाला २५ च्या आसपास ऊब हवी. विटांची छोटी खोली किंवा प्लायवूडची पेटी करा, आतून थर्माकोल, त्यावर पुन्हा प्लाय, नाहीतर कासव थर्माकोल खाईल. तळाशी वाळलेल्या गवताचा जाड थर. उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर थर्मोस्टॅटला जोडून, भोवती जाळीचा पिंजरा करून, कवच टेकणार नाही एवढ्या उंचीवर टांगा. लाईट रात्री जाणारच हे धरून चाला: पेटी इतकी बंदिस्त असावी की तीन-चार तास ऊब टिकेल, आणि गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून हाताशी असाव्यात.

सोबत

"एकटं आहे, जोडीदार आणू का?" हा प्रश्न हमखास येतो. आणू नका. सल्काटा एकटा राहणारा प्राणी आहे. दोन नर एकमेकांना धडका देऊन उताणं पाडतात, आणि नर-मादी कायम एकत्र असतील तर नर मादीची पाठ सोडत नाही. आपल्याला मैत्री वाटते ती बऱ्याचदा एकाने दुसऱ्याला उन्हाच्या जागेवरून हटवणं असते.

शिकवणी

कासव शिकतं. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातल्या महाकाय कासवांना ठरावीक रंगाचा चेंडू ओळखायला शिकवलं होतं, आणि नऊ वर्षांनीही त्यांना ते आठवत होतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. घरी याचा थेट उपयोग होतो. एका काठीला लाल चेंडू लावा. तो कासवाच्या नाकासमोर धरा, त्याने नाक लावलं की लगेच जास्वंदीचं फूल द्या. आठवड्यातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाचेक मिनिटं. मग चेंडू एक पाऊल लांब, मग दोन. काही आठवड्यांत ते चेंडूमागे चालू लागतं.

हे पिल्लू लहान असतानाच सुरू करा. पुढे ४० किलोंचं कासव डिसेंबरच्या संध्याकाळी पेटीत न्यायचं असतं, वजनकाट्यावर चढवायचं असतं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथवर न्यायची वेळ आली तर गाडीच्या फळीवरून वर चढवायचं असतं. उचलताना माणसाची कंबर जाते आणि कासव घाबरून लघवी करतं, कोरड्या दिवसांत साठवलेलं पाणी त्यातच वाया जातं. चेंडूमागे ते आपल्या पायांनी येतं. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने न्या, फूल पेटीच्या आत द्या, आणि पहिले काही दिवस दार लगेच लावू नका.